नेमकं कोण सापडलं? मेदवाहक प्रथिनं ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचा आढावा

मृग लागायच्या आधी जिंतूर तालुक्यातल्या आमच्या चारठाण्यात बऱ्याच घरांत एक काम न चुकता होतं. सोयाबीनचं बियाणं घरचं असो की दुकानातून आणलेल्या सीलबंद बॅगेतलं, त्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि चार-पाच दिवस पाणी शिंपडून मग कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरायचं. त्याहून कमी भरले तर माप वाढवायचं, आणि फारच कमी भरले तर ते बियाणं रानात न्यायचंच नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी मराठवाड्यातून आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून जिंतूर तालुक्यात ही चाचणी का करायची, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बॅगेचा टॅग हे विकणाऱ्याचं म्हणणं असतं. आपल्या पाण्यावर तो दाणा काय करतो, ते गोणपाट उलगडल्यावरच कळतं.

माणसाच्या शरीरात चरबी धरून ठेवणारी, वाहून नेणारी प्रथिनं शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा जी प्रतिपिंडं विकत घेतात, त्यांच्या बाबतीत हा गोणपाटाचा टप्पा कित्येक दशकं गाळला गेला. टॅगवर जे छापलं होतं ते खरं मानून हजारो शोधनिबंध लिहिले गेले. आता गेली काही वर्षं मोजणी सुरू झाली आहे आणि कोंब कमी भरताहेत.

प्रतिपिंड हा शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावली की त्याला जिंतूरला किंवा परभणीला नेतात आणि ‘सापाची लस’ टोचतात. ती लस नसते, ती घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोड्या-थोड्या प्रमाणात घोड्याला टोचत गेलं की घोड्याचं शरीर त्या विषाला चिकटणारी प्रथिनं बनवतं. मग घोड्याचं रक्त काढून ती प्रथिनं वेगळी करायची. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था या कामासाठी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. हेच तत्त्व वापरून सशाला माणसाचं एखादं प्रथिन टोचलं की सशाच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. त्यांना रंग किंवा चमक देणारा रेणू जोडला की झाला शोधक. रक्ताच्या थेंबात, उतीच्या कापात किंवा पेशींच्या अर्कात ते प्रथिन कुठे आणि किती आहे, हे तो दाखवतो. एलायझा, वेस्टर्न ब्लॉट, गढूळपणा मोजून होणारी दवाखान्यातली तपासणी, या सगळ्यांच्या पोटात हाच शोधक असतो.

सर्पदंशाच्या औषधातला एक धडा इथेच सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांचं बीज त्यात आहे. भारतात या औषधासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि त्यामुळे तेच औषध काही भागांतल्या विषापुढे कमजोर पडतं. प्रतिपिंडाला ‘घोणस’ हे नाव कळत नाही. ज्या रेणूवर ते घडलं, त्या रेणूचा तेवढा तुकडा त्याला कळतो. तो तुकडा दुसरीकडे वेगळा असेल तर ते चिकटत नाही. आणि तसाच तुकडा भलत्याच रेणूवर असेल तर त्यालाही जाऊन चिकटतं.

आता चरबीकडे येऊ. तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्त म्हणजे बहुतांश पाणीच. भाकरीबरोबर खाल्लेल्या करडीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलातला मेद आतड्यातून स्नायूंपर्यंत, यकृतापर्यंत न्यायचा तर त्याला वाहन लागतं. रक्तातली ही वाहनं म्हणजे लायपोप्रोटीन. त्यांच्या अंगावरची प्रथिनं म्हणजे अपोलिपोप्रोटीन, बोलीत नुसतं ‘एपो’. पेशीच्या आत गेल्यावर मेदाम्लं एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारी वेगळीच लहान प्रथिनं असतात, त्यांना मेदाम्लबंधक प्रथिनं म्हणतात. बाहेरचे आणि आतले, असे हे दोन्ही वाहक मोजायचे तर आज प्रतिपिंडाशिवाय हाताशी सोपं साधन नाही. वस्तुमान मोजणारी मोठी यंत्रं आहेत, पण ती तालुक्याच्या दवाखान्यात येणार नाहीत.

चारठाण्याच्या माणसाने यात डोकं का घालावं? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू, पोटातले अवयव सगळं कमी होतं, फक्त पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. पुणे-लंडनच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना झाली तेव्हा वजनाचा हिशोब केल्यावर लेप्टिन आणि इन्सुलिन पुण्याच्या बाळांत जास्त भरलं. ही दोन्ही संप्रेरकं मोजली जातात ती प्रतिपिंडांनीच. म्हणजे ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना, जिच्याबद्दल आज कुठलाही मधुमेहतज्ज्ञ बोलतो, तीसुद्धा काही अंशी प्रतिपिंडांच्या साक्षीवर उभी आहे.

दुसरा पुरावा नागपूरचा. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती वेगळी काढून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक निबंध लिहिला. आपल्याकडे पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत ५८.८. जवळजवळ सहा वर्षं आधी. शेतकरी घरात सहा वर्षं म्हणजे काय, तर एखाद्या लेकीचं लग्न आणि धाकट्याचं शिक्षण. या अभ्यासात धोक्याचं एक मोठं माप होतं एपो-बी आणि एपो-ए-१ यांचं गुणोत्तर, आणि तेही प्रतिपिंडांनीच मोजलेलं होतं.

एपो-बीच्या बाबतीत हा शोधक बऱ्यापैकी भरवशाचा निघाला, हे आधी नमूद करतो. वाईट चरबीच्या प्रत्येक कणावर एपो-बीचा नेमका एकच रेणू असतो. म्हणून एपो-बी मोजलं की कण मोजले जातात. रेणूही अवाढव्य, ४,५३६ अमिनो आम्लांची साखळी. एक गोम मात्र आहे. आतड्यात याच प्रथिनाचा आखूड प्रकार बनतो, पूर्ण साखळीचा पहिला ४८ टक्के भाग तेवढा. प्रतिपिंड त्या पहिल्या भागाला चिकटणारं असेल तर ते यकृताचं आणि आतड्याचं दोन्ही एकत्र मोजतं. दवाखान्यातल्या मापात याने फार बिघडत नाही, कारण आतड्याचे कण संख्येने थोडे असतात. संशोधकाला आतड्याचाच प्रश्न पडला असेल तर मात्र सगळंच बिघडतं. एपो-ईबद्दल एवढंच सांगतो की त्याच्या ३ आणि ४ या प्रकारांत २९९ पैकी फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि तो एक फरक ओळखणारी प्रतिपिंडं बनवता आली. हे साधन किती सूक्ष्म होऊ शकतं, ते यावरून दिसतं.

खरी गुंतागुंत लायपोप्रोटीन-लहान-ए या कणाची. त्याचा शोधच प्रतिपिंडामुळे लागला. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी सशांना माणसाचे चरबीचे कण टोचून प्रतिपिंडं बनवली. मग दुसऱ्या माणसाचं रक्तद्रव मिसळून सर्वसामान्य कणांना चिकटणारी प्रतिपिंडं त्यातून काढून टाकली. जे उरलं ते साधारण तिघांतल्या एकाच्या रक्ताला चिकटलं. म्हणजे काही माणसांच्या रक्तात काहीतरी वेगळं होतं. ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं नसून कमी-जास्त असतं, काही जणांत हजारपट जास्त असतं आणि ते बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं, हे पुढे कळलं. १९८७ मध्ये त्या प्रथिनाचं जनुक वाचल्यावर चित्र स्पष्ट झालं. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेन या प्रथिनाचं ते भावंडच निघालं. त्यात क्रिंगल नावाच्या वेटोळ्यांची माळ असते आणि त्यातलं एक वेटोळं कुणात दोन-तीनदा, कुणात चाळीसदासुद्धा पुन्हा-पुन्हा येतं.

आता प्रतिपिंडाच्या बाजूने विचार करा. त्याला जर हेच पुन्हा-पुन्हा येणारं वेटोळं ओळखता येत असेल, तर तीस वेटोळ्यांच्या एका रेणूला ते तीस ठिकाणी चिकटेल आणि पाच वेटोळ्यांच्या रेणूला पाचच ठिकाणी. मोठे रेणू असलेल्याचं माप फुगेल, लहान रेणू असलेल्याचं घटेल. आणि निसर्गात उलटी गोष्ट आहे. लहान रेणूंच्या माणसांतच हा कण जास्त असतो, धोकाही त्यांनाच. म्हणजे ज्याला इशारा मिळायला हवा नेमकं त्याचंच माप कमी दाखवणारी चूक. या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते, कारण इथे प्रतिपिंड खोटं नाही, ते योग्य प्रथिनालाच चिकटलेलं आहे, तरीही उत्तर चुकतं. यावर उपाय शोधले गेले. पुन्हा न येणाऱ्या एकाच वेटोळ्याला चिकटणारी प्रतिपिंडं वापरायची, सगळ्यांनी एकाच संदर्भ नमुन्याशी ताळा जुळवायचा आणि वजनाऐवजी रेणूंची संख्या मोजायची. म्हणूनच या तपासणीच्या कागदावर आकड्याइतकंच त्याचं एकक महत्त्वाचं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोल याच्या वर धोका मानतात, पण एका एककाचा आकडा साध्या गुणाकाराने दुसऱ्यात बदलू नये, कारण प्रत्येकाच्या रेणूचं वजनच वेगळं. हृदयविकार लवकर येणाऱ्या घरात ही तपासणी आयुष्यात एकदा करावी असं आता जाणकार सांगतात. करायची तर नॅनोमोलमध्ये देणारी पद्धत मागावी.

आता पेशीच्या आतल्या वाहकांकडे वळतो. संशोधनासाठी विकली जाणारी प्रतिपिंडं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथेच. मेदाम्लबंधक प्रथिनांचा पहिला निबंध १९७२ चा. आज माणसात अशी सुमारे दहा प्रथिनं माहीत आहेत, इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना ‘एफएबीपी’ म्हणतात. एफएबीपी-१ यकृताचं, २ आतड्याचं, ३ हृदयाचं, ४ चरबीच्या पेशींचं, ५ त्वचेचं, ७ मेंदूचं, असं ढोबळ वाटप आहे, पण ते काटेकोर नाही. सगळी लहान, १४-१५ हजार डाल्टनची. सगळ्यांचा घाट एकच. दहा पदरांची एक पिपासारखी पोकळी आणि तिच्यात बसलेलं मेदाम्ल. ३ आणि ४ ची साखळी निम्म्याहून जास्त ठिकाणी जुळते. ४ आणि ५ सुद्धा जवळपास तसेच.

यादवकालीन देवळांच्या गावात वाढलेल्या माणसाला हा पेच लगेच कळतो. विष्णूच्या चोवीस मूर्ती असतात. केशव, नारायण, माधव, गोविंद, सगळ्यांचा चेहरा, मुकुट, उभं राहणं सारखंच. शंख, चक्र, गदा, पद्म हीच चार आयुधं. फरक एवढाच की कोणतं आयुध कोणत्या हातात. हात शाबूत असतील तर जाणकार नाव सांगतो. हात तुटलेली मूर्ती मातीतून निघाली की तोही ‘विष्णू’ एवढंच म्हणून थांबतो. थांबतो हे महत्त्वाचं. प्रतिपिंड थांबत नाही. केशवासाठी घडवलेलं प्रतिपिंड माधवालाही चिकटतं आणि कागदावर ‘केशव सापडला’ असाच पट्टा उमटतो.

यात आणखी एक पदर आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिन साबणासारख्या रसायनात उकळून सरळ केलेलं असतं, म्हणजे हात तुटलेली मूर्ती. एलायझात ते आपल्या मूळ घडीत असतं. उतीच्या कापात फॉर्मॅलिनने आवळून धरलेलं असतं. एका रूपावर तपासलेलं प्रतिपिंड दुसऱ्या रूपावर चालेलच असं नाही. त्यातून वेस्टर्न ब्लॉटमध्ये पट्ट्याची उंची प्रथिनाच्या वजनावरून ठरते आणि दहाही भावंडांचं वजन जवळपास सारखं, त्यामुळे पट्टा योग्य उंचीवर आला तरी तो कुणाचा, हे उंचीवरून सांगता येत नाही. इतर प्रथिनांत निदान वजनाचा आधार असतो, इथे तोही नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. शिकत असताना एका प्रयोगशाळेत मी चरबीच्या पेशींतलं एफएबीपी-४ पाहत होतो. बर्फाच्या डब्यातून आलेली कुपी, टॅगवर ‘मानवी एफएबीपी-४ साठी’, सोबत एक देखणं चित्र. आठ महिने पट्टे सुरेख येत होते. मग एका सहकारी बाईंनी सुचवलं की जिथे हे प्रथिन जवळपास नसतंच अशा पेशींचा अर्क एका खणात भरून बघ. तिथेही तोच पट्टा, तेवढाच ठसठशीत. बहुधा आम्ही आठ महिने पाचव्या भावंडाचं मोजमाप करत होतो. विकणाऱ्याने कुपीचे पैसे परत दिले. महिने कोण देणार? त्या दिवशी मला गोणपाटाची आठवण आली आणि आजही येते. घरी शंभर दाण्यांसाठी चार दिवस थांबणारा मी, इथे एका खणासाठी थांबलो नव्हतो.

एफएबीपी-४ ची गोष्ट पुढे मोठी झाली म्हणून ही चूक किरकोळ मानता येत नाही. १९९६ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. ते लठ्ठ झाले तरी त्यांच्यात इन्सुलिनची ताकद टिकून राहिली. मग हे प्रथिन पेशीबाहेर रक्तातही येतं हे कळलं, लठ्ठपणा आणि मधुमेहात ते वाढतं हे दिसलं, त्याला रोखणारं प्रतिपिंड औषध म्हणून उंदरांत वापरून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये त्याच गटाने दाखवलं की रक्तात ते एकटं फिरत नाही, आणखी दोन प्रथिनांबरोबर जोडून संप्रेरकासारखं काम करतं. जोडीने फिरणाऱ्या प्रथिनाचा काही भाग झाकलेला असू शकतो. तेव्हा ‘एफएबीपी-४ किती’ हा प्रश्नच आता ‘कुठल्या रूपातलं किती’ असा विचारावा लागतो. बारीक अंगाच्या पण चरबी बाळगणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

हृदयाच्या एफएबीपी-३ ची गोष्ट थोडक्यात. झटका आल्यावर ते एक ते तीन तासांत रक्तात उतरतं, म्हणून लवकर निदानासाठी त्याच्यावर बरीच आशा होती. पण ते हातापायांच्या स्नायूंतही असतं. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाच्या रक्तातही ते चढू शकतं. पुढे ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तपासण्या आल्या आणि ते मागे पडलं. ट्रोपोनिनचं यश पाहिलं तर मूळ कारण हेच की हृदयातलं ट्रोपोनिन स्नायूतल्या ट्रोपोनिनपेक्षा पुरेसं वेगळं आहे आणि तो फरक धरणारी प्रतिपिंडं बनवता आली.

आता एकूण बाजाराकडे. स्वीडनमध्ये माणसाच्या सगळ्या प्रथिनांचा नकाशा बनवणाऱ्या प्रकल्पाने २००८ मध्ये विक्रीस असलेल्या पाच हजारांहून जास्त प्रतिपिंडांची परीक्षा जाहीर केली. जेमतेम निम्मी कामाची निघाली. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये लिहिलं की निकृष्ट प्रतिपिंडांपायी जगात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात. २०१७ मध्ये इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकासाठी वापरल्या जाणाऱ्या तेरा प्रतिपिंडांपैकी एकच खरं ठरलं, आणि स्तनाच्या उतीत ते प्रथिन असल्याचं सांगणारे अनेक जुने निबंध डळमळले. २०२३ मध्ये कॅनडातून चालणाऱ्या वायकॅरॉस या गटाने ६५ प्रथिनांसाठीची ६१४ प्रतिपिंडं तपासली. अपयशी ठरलेल्या प्रतिपिंडांवर दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध बेतलेले आढळले. त्याच अभ्यासातली उमेद देणारी बाब अशी की सुमारे दोन तृतीयांश प्रथिनांसाठी निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारात होतंच, फक्त ते कोणतं हे कुणी तपासलं नव्हतं. आणि निकाल दाखवल्यावर कंपन्यांनी आपली बरीच उत्पादनं मागे घेतली किंवा त्यांच्यावरचा मजकूर बदलला. या कामात कंपन्यांनी स्वतः प्रतिपिंडं पुरवली होती, ही गोष्टही नोंदवायला हवी.

तपासायचं कसं, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे. २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले गेले, पण माझ्या मते त्यातला पहिला बाकी चारांवर भारी आहे. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं आहे तिच्यावर प्रतिपिंड लावायचं. तरीही पट्टा आला तर प्रतिपिंड चुकलं, पुढे चर्चा नाही. जनुकं कापणाऱ्या क्रिस्पर तंत्रामुळे अशा पेशी बनवणं आता आवाक्यात आलं आहे. बाकीचे मार्ग म्हणजे प्रतिपिंडाशिवायच्या पद्धतीशी ताळा, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या जागेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाशी तुलना, खूण जोडलेलं प्रथिन, आणि प्रतिपिंडाने पकडलेला ऐवज यंत्रात तोलणं.

‘नसलेल्या’ नमुन्याचं मोल मुंबईने जगाला एकदा शिकवलेलं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो रक्तगट शोधला तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. रक्तगटाची तपासणी म्हणजे प्रतिपिंडांचीच तपासणी. अँटी-ए आणि अँटी-बी दोन्हींना प्रतिसाद नाही म्हणजे ‘ओ’ गट, असं कागद सांगतो. पण या लोकांत ओ गटाच्या माणसात असणारा एच हा घटकही नसतो. त्यांना ओ गटाचं रक्त दिलं तर जीवावर बेततं. अँटी-ए आणि अँटी-बी यांनी काही चूक केलेली नव्हती, तिसरा प्रश्न विचारायचा राहिला होता. अँटी-एच लावून तो विचारला की माणूस वाचतो.

साधनं सुधारली आहेत, हे मान्य करायला हवं. सशाच्या रक्तातल्या मिश्र प्रतिपिंडांचा साठा ससा मेला की संपतो, पुढच्या सशाचा वेगळा निघतो. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकच प्रतिपिंड अखंड बनवणाऱ्या संकरित पेशी घडवल्या, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण या पेशीसुद्धा कालांतराने बदलतात, मरतात. आता प्रतिपिंडाचं जनुकच वाचून ते पेशींत उत्पादित करतात. २०२३ च्या तपासणीत अशी प्रतिपिंडं सर्वांत उजवी ठरली. जनुकातला क्रम लिहून ठेवलेला असल्याने पन्नास वर्षांनीही तेच प्रतिपिंड पुन्हा बनवता येईल. आपल्याकडे शेतकरी सरळ वाण का राखतो, त्याचं उत्तर आणि याचं उत्तर एकच आहे. दरवर्षी तेच उगवावं.

आपल्याकडची अडचण पैशांची आहे आणि ती खरी आहे. बहुतेक संशोधन-प्रतिपिंडं परदेशातून येतात. एका छोट्या कुपीत एखाद्या विद्यार्थ्याची महिन्याची शिष्यवृत्ती जाते, वाटेत बर्फ वितळला तर तेवढंही हाती लागत नाही. दुसरी कुपी फक्त ताळा पाहायला घ्या, असं सांगायची कुणाची हिंमत होत नाही. पण क्षमता नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, कोरोनाची प्रतिपिंडं शोधणारी देशातली पहिली एलायझा तयार करून तपासून दिली. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, जिथून देशभर पेशी पाठवल्या जातात. जनुक काढलेल्या दहा पेशी, एका एफएबीपीला एक, अशा तिथे ठेवून मागेल त्या महाविद्यालयाला दिल्या तर परभणीच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यालाही आपली कुपी आठवड्यात तपासता येईल. मला हे काम मोठमोठ्या इमारतींपेक्षा जास्त गरजेचं वाटतं.

‘नसलेला’ नमुना मिळवायची आणखी एक वाट आहे आणि ती आपल्याच सोयरिकीतून जाते. पाकिस्तानात सुमारे १०,५०० लोकांची जनुकं वाचून २०१७ मध्ये एक निबंध आला. तिथे जवळच्या नात्यात लग्नं होतात, त्यामुळे एखादं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही बंद मिळालेली माणसं सापडतात. एका घरात नवरा-बायको आणि त्यांची नऊच्या नऊ मुलं यांच्यात एपो-सी-३ हे चरबीच्या कणांवरचं प्रथिन अजिबात नव्हतं. तेलकट जेवणानंतरही त्यांच्या रक्तातली चरबी वर चढली नाही, आणि माणसं ठणठणीत. हृदयरोगाच्या औषधांसाठी हे घर मोलाचं ठरलं. प्रतिपिंडांच्या दृष्टीने पाहिलं तर त्या घरातलं प्रत्येक माणूस म्हणजे निसर्गाने दिलेला ‘नसलेला’ नमुना. एपो-सी-३ ओळखण्याचा दावा करणारं प्रतिपिंड त्यांच्या रक्तात काही दाखवत असेल तर ते नक्की चुकतंय.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यातल्या कितीतरी समाजांत अजून आहे. तेव्हा एफएबीपी-४ नसलेलं, एपो-सी-३ नसलेलं एखादं माणूस इथेही हिंडत-फिरत असण्याची शक्यता आहे, त्याला स्वतःला त्याची कल्पनाही नसेल. त्याच्यापर्यंत पोचायचं तर रक्ताआधी बोलणं लागेल. कशासाठी, कुणाच्या फायद्यासाठी, निकाल आम्हाला कळणार का, हे प्रश्न ओसरीवर बसून विचारले जातील आणि त्यांची उत्तरं त्याच भाषेत द्यावी लागतील. पुण्याजवळच्या त्या सहा गावांनी १९९३ मध्ये अशीच उत्तरं मागून मग दारं उघडली असणार. त्या वेळी मोजलेली बाळं आज तिशीत आहेत, काहींना स्वतःची लेकरं झाली आहेत. आता त्यांच्या रक्तातली मेदवाहक प्रथिनं मोजताना प्रत्येक कुपी आधी रिकाम्या खणावर लावलेली असावी, आणि तो रिकामा खण निबंधात छापलेला असावा.